मुरब्याच्या वाडीत मेपलचा रंग

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की मोबाइलवर लालभडक झाडांचे फोटो यायला लागतात. मुलगी न्यू जर्सीला असेल तर तिच्या अंगणातले, भाचा जपानला फिरायला गेला असेल तर क्योटोच्या देवळातले. त्याच सुमारास ऑनलाइन दुकानांत जपानी मेपलच्या बियांची पाकिटं दिसतात, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असलेल्यालाही वाटतं, आपल्या वाडीत एक लावून बघायला काय हरकत आहे? सातपाटीची खाडी ओलांडून मुरबे गावात आलं की हरकत कळते. इथे झाडाला थंडी मिळत नाही, खारा वारा मात्र भरपूर मिळतो. म्हणून मेपल आणायच्या भानगडीत पडू नका. मेपल मांडायची जपानी रीत तेवढी उचला आणि झाडं आपल्या किनाऱ्याची किंवा इथे रुळलेली घ्या. रंगाला काही कमी पडणार नाही.

मेपल इथे का टिकत नाही

जपानी मेपल हे जपान-कोरियाकडच्या डोंगरउतारांवर, मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत वाढणारं लहानसं झाड. कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये त्याला ‘एसर पामाटम’ हे नाव दिलं. शरद ऋतूत दिवसा ऊन आणि रात्री गारठा पडू लागला की त्याच्या पानातलं हरितद्रव्य मोडतं, आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि पानात साठलेल्या साखरेच्या आधाराने अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य नव्याने तयार होतं. मग पानं गळतात आणि झाड विश्रांती घेतं. ही विश्रांती पुरेशा थंडीतच पुरी होते. ती पुरी झाली नाही तर पुढचे डोळे धड फुटत नाहीत.

मुरब्याला जानेवारीतही पहाटेचा पारा सोळा-सतरा अंशांच्या आसपास रेंगाळतो. बी उगवायला लावणं अशक्य नाही. ओल्या वाळूत मिसळून तीन-चार महिने फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास ठेवलं तर काही बिया फुटतात. पण पहिल्याच उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात आणि त्यातून वाचलेलं रोप पावसाळ्यात मुळं कुजून जातं. निळ्या आणि सप्तरंगी मेपलच्या बिया तर विकतच घेऊ नका. असा मेपल जगात नाही, ते रंग संगणकावर चढवलेले असतात. परदेशातून येणाऱ्या मुलांनाही सांगून ठेवा, बॅगेत रोप किंवा बी आणू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसलं तर विमानतळावर माल जप्त होतो.

आपल्याकडे रंग कधी येतो

थंड देशांत पानाला रंग चढतो तो गळताना. आपल्याकडे बरीच झाडं रंग दाखवतात ती फुटताना. फाल्गुन-चैत्रात आंब्याची पालवी तांबूस-जांभळी येते, पिंपळ गुलाबीसर होतो आणि मनोर-विक्रमगडकडच्या रानात कोशिंब तर पेटल्यासारखा लाल होतो. या कोवळ्या पानांतही अँथोसायनिनच असतं. पान जून होईपर्यंत ते उन्हापासून आणि किडीपासून त्याची राखण करत असावं असं शास्त्रज्ञ मानतात.

गळताना रंगणारं एक झाड मात्र आपल्या किनाऱ्यावरही आहे, ते म्हणजे देशी बदाम. तेव्हा हिवाळ्यात बदाम, चैत्रात पालवी आणि या दोहोंच्या मधल्या महिन्यांत बारमाही रंगीत पानांची झुडपं, अशी तीन टप्प्यांची आखणी करा. एकाच झाडाकडून वर्षभराचा रंग मागू नका. जपानातही मेपल रंगतो तो काही आठवडेच. बाकीचे महिने बाग दगड, शेवाळ आणि हिरव्या झुडपांवरच उभी असते.

देशी बदाम: किनाऱ्यावरचं पहिलं झाड

उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर वाढलेलं हे झाड खारं वारं, रेताड जमीन आणि भरपूर ऊन सोसतं. फांद्या मजल्यावर मजले चढवल्यासारख्या आडव्या पसरतात, त्यामुळे पानं गळल्यावरही आकार सुंदर दिसतो. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत पानं रंगतात, काही झाडं वर्षातून दोनदा पानं टाकतात. गळलेलं एक पान उचलून उजेडात धरा. मधली शीर अजून पिवळट, शिरांच्या मधली जागा गर्द तांबडी, देठाकडे थोडा हिरवा शिल्लक आणि कडेला तपकिरी ठिपके. वीतभर लांबीच्या एकाच पानात चार रंग सापडतात.

लावताना जागेचा हिशेब मात्र आधी करा. झाड पन्नास-साठ फुटांपर्यंत सहज जातं. घर, विहीर आणि शौचालयाची टाकी यांपासून निदान वीस-पंचवीस फूट लांब लावा. पन्हळीवर फांद्या येऊ देऊ नका, नाहीतर पानांनी पन्हळ तुंबते आणि पहिल्याच पावसात भिंत भिजते. पिकलेल्या बदामांसाठी रात्री वटवाघळं येतात, म्हणून खाली गाडी उभी करायची जागा नको.

वाडी लहान असेल तर हट्टाने बदाम लावू नका. रस्त्यावरचा किंवा शेजाऱ्याचा बदाम आपल्या ओट्यावरून दिसत असेल तर तोच आपला धरा. मधे आडवी आलेली फांदी छाटा, कुंपणावरची वेल त्या ठिकाणी खाली आणा आणि समोर बाक ठेवा. जपानी बागकामात याला ‘शाक्केई’ म्हणतात. दूरचा डोंगर किंवा दुसऱ्याचं झाड आपल्या बागेच्या चित्रात ओढून घ्यायची ही जुनी युक्ती आहे.

पालवीची झाडं

चैत्रातल्या रंगासाठी घराच्या आडोशाला, म्हणजे समुद्राकडे पाठ केलेल्या बाजूला, यांतलं एखाद-दुसरं झाड लावा.

दालचिनी: नवी पानं गुलाबी-तांबडी येतात आणि हळूहळू पोपटी होतात. नारळाच्या विरळ सावलीत छान वाढते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात लागवडीसाठी चांगली आहे. झाड कमरेएवढं ठेवून छाटत राहिलात तर बुंध्यातून धुमारे फुटत राहतात आणि दर वेळी नवा गुलाबी रंग मिळतो. वर पानं मसाल्याला होतात.

कोकम: लांबट शंकूचा आकार, खाली झुकलेल्या फांद्या आणि टोकांना तांबूस पालवी. वाढ सावकाश होते, म्हणून लहान वाडीतही बसतं. रोपापासून लावलं तर नर झाडही निघू शकतं. फळ हवं असेल तर मादी झाडाचं कलमच घ्या.

सीतेचा अशोक: उंच सरळसोट वाढणारा ‘आसुपालव’ वेगळा. रोपवाटिकेत नेमकं नाव सांगून विचारा. याची कोवळी पानं तांबूस रंगाची, झुंबरासारखी लोंबकळत येतात. त्याच दिवसांत नारिंगी फुलांचे घोसही फुटतात. याला ओल आणि अर्धी सावली हवी. थेट खारं वारं अजिबात सोसत नाही.

सायझिजियम: जांभळाच्या कुळातलं, रोपवाटिकांत याच नावाने मिळणारं झुडूप. शेंड्यांची पालवी शेंदरी-लाल असते आणि दर छाटणीनंतर पुन्हा येते. गोल, पसरट, मजल्यांचा असा हवा तो आकार देता येतो. जपानी धाटणीची छाटणी शिकायची असेल तर सुरुवात याच्यावर करा.

बारमाही रंग

क्रोटन आपल्या आजोबांच्या काळापासून कोकणात आहे. इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांकडून जगभर गेलेलं हे झुडूप आपल्या दमट हवेत मजेत राहतं. त्याचा रंग उन्हावर ठरतो. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं तर पिवळा, शेंदरी, लाल उठून येतो, गडद सावलीत ठेवलं तर नवी पानं हिरवीच निघतात. अकॅलिफाची तांबडी-तपकिरी पानं दुरून सगळ्यांत जास्त ‘शरद ऋतूतली’ वाटतात. त्याला ऊन हवं आणि वरचेवर छाटणी हवी. कोलियस आणि कॉर्डिलाइन सावलीतले. कोलियसवर दुपारचं कडक ऊन पडलं तर रंग विटतो. झाडाखालची जमीन झाकायला रिओ घ्या. पानाची वरची बाजू हिरवी, खालची जांभळी, आणि खारं वारंही त्याला चालतं.

मेपलच्या पानाचा आकारच हवा असेल तर त्याचीही सोय आहे. अंबाडीच्या नात्यातला एक आफ्रिकी जास्वंद, ‘हिबिस्कस असिटोसेला’, याची पानं गर्द वांगी-लाल आणि बोटांसारखी चिरलेली असतात. लांबून पाहणारा हमखास फसतो. छाट कलमाने सहज लागतो, पाच-सहा फुटांपर्यंत वाढतो आणि कोवळी पानं आंबट लागतात, अंबाडीसारखी भाजीत घालता येतात. कुंडीत लावला तर शेंडा खुडत राहा, म्हणजे आडवा पसरेल.

हिवाळ्यात अंगणात एकच ठळक लाल ठिपका हवा असेल तर लालपत्ती लावा. रात्र लांबली की तिची वरची पानं लाल होतात. त्यासाठी अंधार अखंड हवा. रस्त्याच्या दिव्याखाली किंवा पडवीच्या बल्बजवळ ठेवलेली लालपत्ती दिवाळी-नाताळ उलटला तरी हिरवीच राहते. दिव्याला पर्याय नसेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ-दहा आठवडे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ तिच्यावर काळं कापड झाका. छाटणी ऑगस्टअखेर आटोपा. त्यानंतर कात्री लावू नका.

क्रोटन, लालपत्ती आणि रोपवाटिकांत रंगीत पानांसाठी मिळणारा लाल युफोर्बिया यांचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो. छाटताना हातमोजे घाला. लहान मुलं आणि पाळीव जनावरं असतील तर लाल युफोर्बिया टाळलेलाच बरा.

खारं वारं, मचूळ पाणी आणि माती

किनाऱ्यावरच्या वाडीत रंग बिघडतो तो बहुतेक मिठामुळे. पानाची कड आधी पिवळी, मग तपकिरी होऊन वाळते आणि आपण पाणी कमी पडलं समजून आणखी मचूळ पाणी ओततो.

वाऱ्यासाठी पश्चिमेला आडोसा हवा. सुरू, उंडी, करंज आणि नारळ मिठाला दाद देत नाहीत. भिंत बांधण्यापेक्षा झाडांची दोन रांगांची कुंपणपट्टी बरी, कारण भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा आदळतो, झाडांतून मात्र गाळून येतो. पावसाळ्यात दोन सरींच्या मधे जोराचं वारं सुटून पाऊस थांबला, तर पानांवर मिठाचा थर बसतो. अशा वेळी गोड्या पाण्याने पानं धुवा.

एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचं पाणी मचूळ होतं. जिभेला जाणवण्याइतकं खारट असेल तर ते नारळाला द्या, रंगीत पानांच्या कुंड्यांना नको. पन्हळीचं पावसाचं पाणी टाकीत साठवलंत तर उन्हाळ्याची कुंड्यांची बरीचशी गरज भागते. आठवड्यातून एकदा कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं गोडं पाणी द्या, म्हणजे साठलेलं मीठ धुपून जातं. माती आणि पाणी तपासून घ्यायचं असेल तर डहाणू तालुक्यात कोसबाड टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. लागवडीआधी एक नमुना नेऊन द्या.

कुंडी भरताना दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नदीची जाड रेती किंवा विटांचा चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. समुद्राची वाळू घालू नका. तिच्यात मिठाबरोबर शिंपल्यांचा चुना असतो आणि चुन्याने लोह अडकून पानं पिवळी पडतात. कोकोपीट घेतलंत तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, तेही खारट असतं. बुंध्याशी नारळाची सोडणं उलटी रचा किंवा पातेरा पसरा. मे महिन्यात ओल टिकवायला याच्याइतकं स्वस्त आच्छादन नाही.

आपल्या गावात खताची चणचण नसते. मासळीची साफसफाई झाली की डोकी, आतडी आणि पाणी थेट झाडाच्या बुंध्यात जातं. नारळ-केळीला ते मानवतं, रंगीत पानांना नाही. एक तर त्यात मीठ असतं. दुसरं म्हणजे नत्र जास्त झालं की झाड भराभर वाढतं आणि पान हिरवं होत जातं. क्रोटन टरारून वाढला पण लाल उतरला, तर आधी खत थांबवा. मासळीचा कचरा पालापाचोळ्यात मिसळून खड्ड्यात तीन-चार महिने पुरता कुजवला तर तेच खत हलकं होतं.

मांडणी: कमी लावा, नीट लावा

रोपवाटिकेत गेलं की सगळेच रंग हवेसे वाटतात. आठ जातींचे क्रोटन ओळीने लावले की अंगण लग्नाच्या मांडवासारखं दिसतं, डोळा कुठेच ठरत नाही. मेपलच्या बागेचं गमक इथेच आहे. एका जागेवरून एकच रंगीत झाड दिसावं आणि त्याच्या भोवती गप्प हिरवं असावं.

आधी बसायची जागा ठरवा. ओटा, पडवी, स्वयंपाकघराची खिडकी, जिथून तुम्ही रोज बघता ती जागा. तिथून दहा-पंधरा फुटांवर मुख्य झाड लावा, बदाम असेल तर आधी सांगितल्याप्रमाणे आणखी लांब. मागे गडद हिरवी पार्श्वभूमी हवी, मग ती उंडी असो, लिंबू असो वा कुंपणाची मेंदी. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे तांबडा रंग भगभगीत दिसतो, हिरव्यापुढे खुलतो. मुख्य झाडाच्या पायथ्याशी एकाच जातीची तीन किंवा पाच झुडपं घ्या आणि ओळीत न लावता त्रिकोणात लावा. जांभा दगडाचे दोन-तीन मोठे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ठेवले तर ते तिथलेच वाटतात.

उजेडाकडे विशेष लक्ष द्या. लाल पान समोरून पाहिलं तर मातकट दिसतं, मागून ऊन आलं की उजळतं. म्हणून झाड तुमच्या आणि सूर्याच्या मधे हवं. मुरब्याला इथेच पेच पडतो. मावळतीचं तिरपं ऊन समुद्राकडून येतं आणि खारं वारंही तिकडूनच. तेव्हा पश्चिमेला मिठाला न जुमानणारा बदाम ठेवा. तो रंगतो त्या दिवसांत संध्याकाळचं ऊन त्याच्या पानांतून आरपार येतं. नाजूक झाडं, म्हणजे सीतेचा अशोक, दालचिनी, कोलियस, घराच्या पूर्वेला लावा आणि त्यांची मजा सकाळचा चहा घेताना लुटा. कुंड्यांतली झुडपं हिवाळ्यात पश्चिमेला मांडली तरी मृग लागायच्या आत आडोशाला हलवा.

ही मांडणी प्रत्यक्ष बघायची असेल तर पुण्याला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात एक सकाळ घालवा. जपानच्या ओकायामा शहरातल्या, १७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभारलं आहे. पायवाट कुठे वळते, वळल्यावर पहिलं काय दिसतं, पाण्याच्या कडेला काय लावलंय आणि कुठली जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे, एवढं टिपून आणा.

बोईसरला इमारतीत राहणाऱ्यांनी हाच नियम गॅलरीला लावावा. मोठ्या कुंडीत एक सायझिजियम किंवा क्रोटन, पायाशी रिओ आणि सावलीच्या कोपऱ्यात एकाच रंगाचा कोलियस. कुंड्या मातीच्या किंवा करड्या असू द्या. रंगीबेरंगी प्लास्टिकच्या कुंड्या पानांचा रंग खातात.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै: बदाम, कोकम, दालचिनी यांची लागवड पहिल्या दमदार पावसानंतर करा. दोन ते अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या भागात खड्ड्यात पाणी साचू देऊ नका, बुंधा वीतभर उंचवट्यावर घ्या. याच दिवसांत क्रोटनची गुटी बांधा. पेन्सिलएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोलाकार काढा, भोवती ओलं शेवाळ किंवा धुतलेलं कोकोपीट गुंडाळा आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधा. चार ते सहा आठवड्यांत पांढरी मुळं प्लास्टिकमधून दिसू लागतात. मग खालून कापून कुंडीत लावा.

ऑगस्ट-सप्टेंबर: अकॅलिफा, कोलियस आणि तांबड्या पानांच्या आफ्रिकी जास्वंदाची छाट कलमं लावा. कुंड्यांची भोकं तुंबली नाहीत ना, हे दर आठवड्याला बघा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: पाऊस परतला की लालपत्ती सोडून बाकीच्यांची आकार देणारी छाटणी, पानं धुणं आणि हलकं शेणखत. ऑक्टोबरच्या उकाड्यात पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी वाढतात. पानाची मागची बाजू रोज एकदा उलटून बघा. पिठ्या ढेकूण दिसला तर जोराच्या पाण्याने धुवा, मग एक लिटर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि दोन-तीन थेंब साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा करा.

डिसेंबर-फेब्रुवारी: बदाम आणि लालपत्तीचे दिवस. बदामाखालची पानं रोज झाडून जाळू नका. चार दिवस तशीच पडू द्या, मग खताच्या खड्ड्यात टाका.

मार्च-मे: पालवीचे दिवस. कोवळ्या पानांवर फवारणी नको, छाटणीही नको. आच्छादन जाड करा, पाणी सकाळी किंवा सांजवेळी द्या आणि कोलियस-कॉर्डिलाइनवर दुपारपुरती हिरवी जाळी ताणा.

सुरुवात कुठून करावी

पहिल्या वर्षी पाचच झाडं घ्या: पूर्वेला एक दालचिनी, तिच्या पायथ्याशी तीन रिओ आणि ओट्याजवळ कुंडीत एक तांबड्या पानांचा आफ्रिकी जास्वंद. बदामाला जागा असेल तर त्याचं रोप विकत घ्यायचीही गरज नाही. किनाऱ्यावर रुजलेलं हातभर उंचीचं रोप मालकाला विचारून पावसाळ्यात मातीच्या गोळ्यासकट काढा. वर्षभर कुठल्या कोपऱ्यात किती वाजता ऊन येतं, कुठे पानांच्या कडा करपतात आणि कुठलं पाणी कधी मचूळ होतं, याची नोंद कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षीची खरेदी ती यादी पाहूनच करा.